फटाके किती वाजता?

फोर्थ ऑफ जुलैच्या लाँग वीकेंडला कुठेतरी जाऊया असं आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी जोरात ठरतं आणि शेवटी कुणाच्या तरी डेकवर मक्याची कणसं भाजून संपतं. यंदा सासूसासरे आलेत सांगलीहून, कॉस्टको दाखवून झालं, मॉल दाखवून झाले, म्हणून नवरा म्हणाला की जरा खरंखुरं अमेरिकन काहीतरी दाखवू त्यांना, बेसबॉलची मॅच आणि नंतर फटाके. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून ब्रिजवॉटर काही लांब नाही, तिथली सॉमरसेट पेट्रियट्स ही टीम 2021 पासून न्यूयॉर्क यँकीजची डबल-ए, म्हणजे मायनर लीगमधली शिकाऊ टीम, तेव्हा उद्या यँकी स्टेडियममध्ये खेळतील अशी पोरं आज इथे बघायला मिळतात, आणि तिकिटासाठी घर गहाण टाकावं लागत नाही. शिवाय तो रस्ता आमच्या गाड्यांना तोंडपाठ आहे कारण ब्रिजवॉटरला बालाजीचं मंदिर आहे आणि मंदिरात कँटीन आहे. खरं तर क्रम उलटा आहे पण सासूबाईंसमोर असं बोलत नाही मी.

तर ग्रुपवर टाकलं, शनिवारची मॅच, नंतर फायरवर्क्स, कोण कोण येणार? धडाधड अंगठे आले. आता अंगठा म्हणजे येतो, की वाचलं, की छान कल्पना आहे तुम्ही जाऊन या, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. म्हणून परत विचारलं तर एकजण म्हणाला ‘नाइन्टी नाइन पर्सेंट’, एकीने लिहिलं ‘ह्यांना विचारून सांगते’ आणि हे त्याच ग्रुपमध्ये आहेत, ऑनलाइन दिसतायत. तिकिटाचं अ‍ॅप तोपर्यंत डोक्यावर बसलेलं, सीट होल्ड केल्यात, एवढी मिनिटं उरली, एवढे सेकंद उरले. शेवटी जेवढे अंगठे तेवढी तिकिटं काढून टाकली. त्यावर कन्व्हीनिअन्स फी. कन्व्हीनिअन्स कुणाचा ते लिहिलेलं नाही.

तिकिटं काढल्याबरोबर ग्रुप जागा झाला आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, फटाके किती वाजता?

मी म्हटलं मॅच संपल्यावर. मग मॅच किती वाजता संपणार? आता इथे गोम आहे. बेसबॉलला घड्याळच नाही. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला दोन्ही टीमचे तीन-तीन आऊट, ते कधी होतील तेव्हा होतील. नवऱ्याने समजावून सांगितलं की आता पिच क्लॉक आलंय, बेस रिकामे असले की 15 सेकंदांत बॉल टाकायचा, त्यामुळे मेजर लीगच्या, म्हणजे यँकीजसारख्या मोठ्या टीमच्या, मॅचेस जिथे 2022 पर्यंत तीन तास चालायच्या तिथे 2023 पासून अडीच-पावणेतीन तासांत उरकतात, तर इथेही साधारण साडेनऊ धरा, तसंही सूर्यच साडेआठला मावळतो, त्याआधी फटाके उडवून दिसणार काय. एवढं सविस्तर उत्तर मिळाल्यावर खालून लगेच मेसेज, ‘म्हणजे नक्की किती वाजता?’

कारण मॅच कुणालाच बघायची नव्हती हो. एकीचं बाळ आठला झोपतं. एकजण म्हणाला आम्ही सातव्या इनिंगला डायरेक्ट येतो, तर सातवी इनिंग किती वाजता? आणि सासूबाईंचा हिशोब वेगळाच, रविवारी आषाढी, म्हणजे शनिवारी बाराच्या आत सगळ्यांची जेवणं झाली पाहिजेत. त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या ठरवल्या. मी सांगितलं की आई, स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं बहुतेक नेऊ देत नाहीत, पारदर्शक पिशव्या-बिशव्या प्रकार असतो. ‘मग पुऱ्या दिसतील ना त्यांना, लपवायचंय काय त्यात?’ त्यांचा मूळ आक्षेप अजून वेगळा, फटाके बघायला तिकीट कशाला काढायचं? सांगितलं की न्यू जर्सीत हातात धरायच्या फुलबाज्या विकायलासुद्धा 2017 साली परवानगी मिळाली, आकाशात उडणारे तर अजूनही घरी उडवता येत नाहीत. यावर त्यांनी न्यू जर्सीकडे ज्या नजरेने बघितलं ना.

सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट दाखवायची म्हणजे आधी तिचे नियम लागतात. चार दिवस आयपॅड घेऊन बसले होते आणि शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, ‘सूनबाई, अटलांटाचं वाचलंस का?’

4 जुलै 1985. अटलांटा ब्रेव्हज आणि न्यूयॉर्क मेट्स, मॅचनंतर फटाके जाहीर केलेले. आधी पाऊस, मॅच उशिरा सुरू, मध्ये परत पाऊस, मग स्कोअर बरोबरीत, एक्स्ट्रा इनिंग. अठराव्या इनिंगला मेट्स एका रनने पुढे, दोन आऊट झालेले, आणि ब्रेव्हजकडे बॅटिंगला कोणी उरलंच नव्हतं म्हणून रिक कॅम्प नावाचा पिचर, म्हणजे आपला बोलर, आला, ज्याला बॅट कशी धरतात एवढंच माहीत. त्याने होमरन मारला. अख्ख्या करिअरमधला एकमेव! मॅच परत बरोबरीत. एकोणिसाव्या इनिंगला मेट्स 16-13 ने जिंकले, शेवटचा आऊट परत कॅम्पच, तेव्हा पहाटेचे 3 वाजून 55 मिनिटं झाली होती. आणि फटाके जाहीर केले होते म्हणून चार वाजून गेल्यावर उडवले. आजूबाजूचे लोक दचकून उठले आणि हल्ला झाला समजून पोलिसांना फोन.

बाबांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर पुरवणी जोडली की मायनर लीगचा रेकॉर्ड याहून भारी आहे, 1981 साली पॉटकेटला 33 इनिंग, पहाटे चारनंतर थांबवून उरलेली मॅच दोन महिन्यांनी पुरी केली. सासूबाई पुऱ्यांची कणीक मळता मळता थांबल्या. ‘पहाटे चार म्हणजे एकादशी लागली की गं!’

नवऱ्याने हे ग्रुपवर टाकलं, गंमत म्हणून. तासाभरात बाळवाली गळाली, ‘नाइन्टी नाइन पर्सेंट’वाल्याचा उरलेला एक टक्का निघाला, आणि एका भावोजींनी विचारलं की रिफंड आहे का. मी म्हटलं कन्व्हीनिअन्स फी भरलीये मी, आता पाऊस पडो नाहीतर 33 इनिंग होवोत, जायचं.

गेलो. आधी बालाजी, मग कँटीन, डोसे, त्यामुळे पहिल्या दोन इनिंग गेल्याच. बाकी मस्त होतं सगळं, पोरं खुश, संध्याकाळचा वारा, सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं राहून गातं तेव्हा सासूबाईपण उठल्या, आरती समजून टाळ्या वाजवल्या. आणि नवव्या इनिंगला पेट्रियट्स एका रनने मागे, दोन आऊट, सव्वानऊ झालेले, म्हणजे एक आऊट की फटाके. आमची अख्खी रांग खुर्चीच्या टोकावर. बॅटरने बॉल असा काही हाणला की सेकंड बेसवरचा रनर धावत घरी, बरोबरी! सगळं स्टेडियम उड्या मारतंय आणि एकट्या आमच्या रांगेतून ‘अरे देवाऽऽ’. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून बघितलं आमच्याकडे.

दहावी इनिंग. बाबा ताडकन उभे. सेकंड बेसवर पाहुण्या टीमचा एक माणूस काहीही न करता आपला उभा. ‘हा आऊट झाला होता! मघाशी! मी बघितलंय!’ नवऱ्याने खाली ओढलं, सांगितलं की बाबा, 2018 पासून मायनर लीगमध्ये नियमच आहे, एक्स्ट्रा इनिंग लवकर संपावी म्हणून आधीच्या इनिंगचा शेवटचा बॅटर सेकंड बेसवर ठेवूनच सुरुवात करायची. नियम म्हटल्यावर बाबा बसले, पण पटलं नाही.

पाहुण्यांना एकही रन मिळाला नाही, आपल्या पोरांनी काढला, मॅच संपली, दिवे गेले आणि पहिला फटाका एकदाचा वर गेला. सगळे माना वर करून बघतायत, सासूबाई घड्याळ बघतायत कारण पुऱ्या गाडीत आहेत, आणि बाबा अजून अंधारात सेकंड बेस शोधतायत.

‘आऊट झालेला माणूस परत कामावर,’ मला म्हणाले. ‘आमच्याकडे याला एक्स्टेंशन म्हणायचे. आणि त्यालासुद्धा मंत्रालयातून ऑर्डर यावी लागायची.’