जुनी पिकअप, नवा फॉरवर्ड आणि अंगणातलं वेल्डिंग मशीन

'जुनी पिकअप घरच्या घरी नवी करा, मेकॅनिकला एक रुपयाही देऊ नका' अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. वर 'अनुभवी मिस्त्रीचं गुपित' असं लिहिलंय. कोणता मिस्त्री, कुठला, काही पत्ता नाही. असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा माझ्या भाच्याने उघडला, मन लावून वाचला आणि ग्रील-दरवाजे बनवणाऱ्या पोराला वेल्डिंग मशीन घेऊन घरी बोलावलंसुद्धा. ताईने सहज फोनवर सांगितलं म्हणून मला कळलं. तेव्हा पुढची भाषा थोडी तिखट लागली तर समजून घ्या.

गाडी आहे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका खेड्यात. १९७२ची जीप, मूळची पेट्रोलची. पुढे आपल्याकडे अनेकांनी केलं तसं तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, मागचा भाग कापून पत्र्याचा हौदा केला, फाळका लावला. कापूस, खत, कडबा, वरातीतली पोरं, सगळं तिने वाहिलं. आता टाकीला खालून गंज लागून बारीक भोकं पडली आहेत. आणि फॉरवर्डमधला तिसरा मुद्दा नेमका हाच: 'टाकी रिकामी करा, निरम्याच्या पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात ठेवा आणि बिनधास्त वेल्डिंग मारा. डिझेलची टाकी असेल तर धोका नाहीच.'

बाकीचे मुद्दे नंतर बघू. या एकाने माणूस मरतो.

लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी सुरक्षित. वेल्डिंगच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं आहे. पातळ इंधन स्वतः पेटत नाही, पेटते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवा भरपूर, आणि वाफेसाठी तळाशी उरलेले चार-दोन चमचे इंधन पुरे होतं. त्यात बंद पत्र्याचा डबा. ठिणगी पडली की टाकी फाटते आणि वेल्डिंग करणारा तिच्यावर वाकलेलाच असतो.

'पण धुतली ना!' कशाने? पाण्याने. गोडेतेलाची बाटली नुसत्या पाण्याने विसळून बघा आणि मग बोला. निरमा टाकला तर समोरचा पत्रा साफ होतो, मान्य. पण टाकी म्हणजे नुसता डबा नाही. आत इंधन हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, कडेला दुमडलेला जोड असतो, आणि पन्नास वर्षांच्या टाकीत गंजाच्या खवल्यांचा थर असतो. या सगळ्यात इंधन मुरून बसतं. नाकाला वास येत नाही म्हणून टाकी साफ, असं समजून माणूस वेल्डिंग सुरू करतो. पत्रा तापतो आणि मुरलेलं इंधन वाफ होऊन बाहेर येतं. म्हणजे वाफ आधी नव्हती, ती वेल्डिंगनेच तयार केली. उन्हात ठेवून यावर काही उपाय होत नाही.

आता डिझेल. भाच्याचं म्हणणं, "मामाजी, डिझेलले काई होत नाई, काडी टाकली तरी इझते." थंड डिझेलच्या बादलीत काडी विझते हे खरं आहे, म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे. पण भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश ठेवला आहे. म्हणजे या तापमानाला ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ निघणारं डिझेलसुद्धा मानकात बसतं. मे महिन्यात वर्धा, अकोला, चंद्रपूरचा पारा कुठे असतो ते मी सांगायला नको. सावलीतलं हे, उन्हात ठेवलेल्या टाकीचा पत्रा वेगळाच. आणि वेल्डिंगखालचा पत्रा हजार अंशांच्या पलीकडे जातो, तिथे पेट्रोल-डिझेल हा भेद राहत नाही.

हे काही माझं डोकं नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३७, पोटकलम ४ काढून वाचा; तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. ज्या टाकीत स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, तिच्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग, सोल्डरिंग, कटिंग असं उष्णतेचं कोणतंही काम करायचं नाही, जोवर तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकण्याची किंवा निर्धोक करण्याची पुरेशी व्यवस्था केलेली नाही. 'पूर्वी होता' हे शब्द बघा. रिकाम्या टाकीचाच विचार करून ते घातले होते, आणि त्यात डिझेलला सूट नव्हती. 'हा कायदा कारखान्यासाठी होता, आमच्या अंगणासाठी नाही' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. कारखान्यात निदान फायरचे सिलिंडर तरी टांगलेले असतात.

यावर हा फॉरवर्ड आलेल्या गटात एका जाणत्याने सुचवलं की टाकीत सायलेन्सरचा धूर सोडायचा, त्याने आतली हवा हटते, मग काही होत नाही. ही युक्ती जुनी आहे आणि पेट्रोल गाडीच्या धुरानेही तिचा भरवसा धरू नये. डिझेल इंजिन नुसतं उभं चालू असताना तर त्याच्या धुरात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो. म्हणजे तुम्ही टाकीत गरम हवाच भरता.

मग करायचं काय? सुईएवढं भोक असेल तर पत्रा घासून, कोरडा करून, टाकीसाठी मिळणारं दोन भागांचं इपॉक्सी लावा, विस्तव लागत नाही. पत्रा चाळण झाला असेल तर टाकी बदला किंवा नव्या पत्र्याची बनवून घ्या. जुनीच वाचवायची असेल तर वाफेने टाक्या साफ करणाऱ्या रेडिएटर-टाकीवाल्याकडे द्या. आणि हो, या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. जुगाड करायला हीच जागा सापडली का?

आता बाकीचे मुद्दे.

'ब्रेक ऑइल महाग, त्याऐवजी एरंडेल किंवा इंजिन ऑइल टाका.' नाइलाजाने कबूल करतो की यात अर्धं सत्य आहे. सुरुवातीच्या काळात ब्रेक ऑइल खरंच एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून बनवत. पण म्हणून घाण्यावरचं एरंडेल ओतायचं नसतं, आणि इंजिन ऑइल तर मुळीच नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी वॉशर ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात, सिलिंडरमध्ये अडकतात, मग पेडल दाबल्यावर ब्रेक धरून तरी बसतो किंवा लागतच नाही. या जुन्या गाड्यांना पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरचा एकच मार्ग असतो. तो गेला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. डॉट-३ ब्रेक ऑइलची बाटली परवडत नसेल तर गाडी गोठ्यात उभी ठेवा.

'इंजिन ऑइलमध्ये रॉकेल टाकून अर्धा तास चालवा, इंजिन आतून चकाचक.' रेशनवर आता रॉकेल दिसतं कुठे, हा वेगळा प्रश्न. रॉकेलने तेल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर टिकत नाही, आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. जाळी तुंबली, इंजिन बसलं. तेल लवकर-लवकर दोनदा बदला, त्यात जमेल तेवढी सफाई होते.

'विदर्भात थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून फेका.' डिसेंबरात पहाटे कापूस भरायला निघालेल्या माणसाला हे सांगून बघा. आणि थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान राखतो, हवेचं नव्हे. गाडी उन्हाळ्यात तापते ती बहुतेक रेडिएटरमुळे. बोअरचं जड पाणी ओतून-ओतून आत क्षाराचा थर जमतो, बाहेर जाळीत भुसा. ते साफ करा, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट टाका.

कोल्ड्रिंकने गंजलेला नट सुटतो, हे थोडंफार खरं आहे, त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जळकं ऑइल लावल्याने गंज थांबतो, हेही थोडं खरं. पण ते बुशांच्या आणि ब्रेकच्या होजच्या रबराला मारतं, वर आपल्या काळ्या मातीची धूळ त्याला चिकटून लेप बसतो. हाताच्या कातडीला तर ते लावूच नका. गंजरोधक रंगाचा डबा काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांचा, आणि भाच्याचा सगळ्यात आवडता: 'पन्नास वर्षं झाली की गाडी विंटेज, मग टॅक्स-पासिंगची कटकट संपली.' केंद्राने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले, हे खरं. नव्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. आमच्या जीपचं इंजिन बदललेलं, बॉडी कापलेली. आणि समजा बसलीच नियमात, तरी विंटेज गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यासाठीच. धंद्यासाठी वापरता येत नाही. हौद्यात कापूस भरून जिनिंगला न्यायचा असेल तर नेहमीचंच आरसीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर, आणि बदललेलं इंजिन आरसीवर चढलंय का हे आधी बघणं.