फोटू कवा देतासा?

आज आमच्या फोटोग्राफी क्लबची आउटिंग बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीला होती. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे. ज्यांना नुसते फोटोच बघायचेत त्यांनी क्लबच्या पेजवर जावं, दुपारपासून तिथे नुसता पाऊस पडतोय.

सकाळ चांगली गेली, ते आधी सांगते. खानापूरला थांबून इडली-वडा, मग नंदगडवरून हलशी. भूवराह नरसिंहाचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं काय सांगायचं. कदंबांच्या काळातलं, दोन गाभारे समोरासमोर, तोंडाला तोंड देऊन. आत अंधार आणि दारातून येणारा तेवढाच उजेड. आमच्यातल्या दोघांनी तिथे जीव ओतून काम केलं. पुजाऱ्यांना विचारून ट्रायपॉड लावला, घंटेच्या दोरीला धक्कासुद्धा लागू दिला नाही. इथवर कुणाला नावं ठेवायला जागा नाही.

मग आम्ही गावात शिरलो.

एका घराच्या उंबऱ्यात एक आज्जी शेंगा फोडत बसली होती. पुढ्यात सूप, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडावर समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड. बसल्या जागी काढला असता तर वर्षातला सगळ्यात चांगला फोटो झाला असता. पण आमच्या एका शिलेदाराला ते पुरेना. "आज्जी, घागर आहे काय ओ घरात?" घागर होती, माळ्यावर. दारातच नळ आहे, त्याला निळी पाइप जोडलेली आहे, घागर कोण कशाला खाली ठेवतंय? सुनेने बिचारीने स्टुलावर चढून ती काढली, पदराने पुसली. मग ती रिकामी घागर कमरेवर देऊन आज्जीला गल्लीत चालायला लावलं. एकदा. मग सावली आडवी पडली म्हणून परत. मग मागे मोटरसायकल दिसते म्हणून परत, उलट्या बाजूने. आणि चष्मा काढायला लावला. चष्म्याने म्हणे 'फील' जातो. उंचसखल दगडांची गल्ली, सत्तरीच्या पुढची बाई, आणि तिला चष्म्याविना चालवताय. पडली असती म्हणजे?

सगळं झाल्यावर आज्जीने विचारलं, "फोटू कवा देतासा?"

सगळे हसले. गोड हसले, बरं का. एकाने पन्नासाची नोट काढली. "पैसं नगंत रे बाळा, फोटू द्या." "हो हो आज्जी, पाठवतो," म्हणत मंडळी गाडीकडे निघाली. कुठे पाठवणार? नाव विचारलं नाही, घर कुणाचं ते विचारलं नाही. मी मागे राहून सुनेचा नंबर लिहून घेतला, तर गाडीतून हॉर्न! "अक्का, तुमच्यामुळे उशीर व्हायलाय."

संध्याकाळी तो फोटो ग्रुपवर आला. काळापांढरा केलेला, सुरकुत्या कोरून कोरून वर काढलेल्या, कोपऱ्यात फोटोग्राफरची वळणदार सही आणि खाली नाव 'ग्रामीण निरागसता'. निरागसता! आम्ही पोचलो तेव्हा ती आज्जी शेंगांच्या पोत्यामागे दलालाने किती खाल्ले त्याचा तोंडी हिशोब सुनेला सांगत होती. आमच्या क्लबच्या खजिनदाराला तो हिशोब जमला नसता.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की यापुढे ज्याचा फोटो काढू त्याला त्याची प्रिंट द्यायची असं ठरवून टाकूया. उत्तर आलं, "आपण फोटोग्राफी क्लब आहोत, समाजसेवा नव्हे." त्यावर बारा-पंधरा अंगठे. तिथेच माझं टाळकं सरकलं.

तर समाजसेवा म्हणजे काय ते सांगते.

माझं माहेर बेळगावातल्या वडगावचं. त्या भागात तेव्हा घरोघरी माग. आई रहाटावर बसून कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, भरायची, स्वयंपाक आणि कांड्या, कांड्या आणि स्वयंपाक, असा दिवस. मी शाळेत असताना एक गृहस्थ गल्लीत आले. स्कूटर, खांद्याला चामड्याच्या पिशवीतला कॅमेरा. कुठले, कोण, आम्हाला काही माहीत नाही. त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, एक फोटो काढू काय? तुमचं काम चालू द्या." आई लाजली, पण रहाट काही थांबवला नाही, कारण पलीकडे बाबांचा धोटा कांडीसाठी थांबला असता. त्यांनी एकच फोटो काढला. रिळाचा जमाना, एकेक क्लिक मोजून. खिडकी उघडायला लावली नाही, पदर नीट करायला लावलं नाही. चहा घेतला आणि गेले.

आणि परत आले! दिवाळीच्या सुमारास. खाकी पाकिटात एक प्रिंट, आईच्या हातात दिली, पैसे विचारले तर हात जोडले.

आता तुम्हीच सांगा, ते गृहस्थ समाजसेवक होते काय? ते फोटोग्राफर होते. त्या काळी फोटोग्राफरने असंच वागायचं असतं असं त्यांना वाटत असणार, एवढंच.

आपल्या क्लबात नियम नाहीत असं नाही, गंमत तीच आहे. पावसाळ्यात आंबोलीला जातो तेव्हा बसमध्ये चढायच्या आधी सूचना असतात. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा झाडावरचा बेडूक दिसला तर हात लावायचा नाही, बसलेली फांदी वाकवायची नाही, बॅटरीचा झोत डोळ्यांवर धरून ठेवायचा नाही. पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला त्याचं फेसाचं घरटं असेल तर चार हात लांब राहायचं, कारण पिल्लं तिथून थेट खाली पाण्यात पडतात, पान हललं की सगळं चुकलं. भीमगड अभयारण्याच्या बाजूला गेलो की मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो आपल्या स्पर्धेत घेतच नाही. हे सगळे नियम मला मान्य आहेत, मी स्वतः नव्या पोरांना ओरडलेय त्यावरून.

मग बेडकाला एवढा मान आणि हलशीच्या आज्जीला घागर? बेडूक दोन इंच सरकवला तर फोटो बाद आणि आज्जीला गल्लीभर फिरवली तर 'फोटो ऑफ द मंथ'?

कुणीतरी म्हणेल, फोटो मांडून काढण्यात गैर काय, जुन्या स्टुडिओत तर मागे डाल लेकचा पडदा आणि हातात प्लास्टिकचं फूल असायचं. बरोबर आहे, असायचं. पण तो फोटो त्या माणसाला हवा असायचा, तो फूल हौसेनं धरायचा आणि आठ दिवसांनी पावती दाखवून फोटो घरी न्यायचा. मांडणीचं मला वावडं नाही. कुणासाठी मांडताय ते बघा.

दर वर्षी १९ ऑगस्टला आपण जागतिक छायाचित्रण दिन करतो, दीप लावतो, भाषण ठोकतो. १८३९ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपची, म्हणजे फोटो काढायच्या त्या जुन्या पद्धतीची, कृती जगापुढे ठेवली, हे दर भाषणात असतं. पण त्यात निगेटिव्हच नव्हती हे कुणी सांगत नाही. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर एकच चित्र, दुसरी प्रत निघायचीच नाही. पोर्ट्रेट काढून घ्यायला आलेला माणूस तो पत्रा डबीत घालून घरी न्यायचा. फोटो घरी जायचा तो बसणाऱ्याच्या. आज आपल्या एका कार्डात हजार फोटो मावतात आणि ज्याचं तोंड आहे त्याच्याकडे एकही जात नाही.

आईच्या फोटोकडे परत येते, कारण आज दिवसभर तोच डोळ्यापुढे आहे. फोटो म्हणून तो चांगला नाही. खिडकी जळून पांढरी झालीय. आतल्या अंधारात शटर हळू पडलं असणार, त्यामुळे रहाटाच्या आऱ्या दिसतच नाहीत, धुरकट गोल नुसता, आणि आईचा उजवा हात मनगटापासून पुढे पुसल्यासारखा. आपल्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद. परीक्षक म्हणाले असते, "शार्पनेस नाही, हायलाइट्स गेलेत." आईलाही तो आवडला नव्हता. "असल्या अवतारात कुणी काढतंय काय," म्हणून तिने तो ट्रंकेत इरकलीच्या घडीखाली ठेवून दिला होता. पण टाकला नाही.

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. आधारकार्डावरचा होता, पण त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. शेवटी त्याच प्रिंटमधून स्टुडिओवाल्याने तोंड तेवढं काढून मोठं केलं. हाराखाली आज जी आई आहे तिच्या डाव्या कानाजवळ एक पांढरट पट्टा दिसतो, तो रहाटाचा आहे. आल्यागेल्याला वाटतं डाग पडलाय.

असो. थोडं शांत लिहिते.

क्लबने मला काय दिलंय ते मला माहीत आहे. चाळिशी ओलांडल्यावर हातात कॅमेरा घेतला तेव्हा घरी सगळे हसले होते. क्लबातल्या लोकांनी ॲपर्चर शिकवलं, स्वतःची लेन्स वापरायला दिली. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन देवळात छताचं कमळ नीट यावं म्हणून फरशीवर उताणं कसं झोपायचं हेसुद्धा त्यांनीच दाखवलं, आणि १२०४ सालच्या त्या देवळात एक बाई फरशीवर आडवी पडलीय म्हणून कुणी काही बोललं नाही. गोकाकला धबधब्यावरच्या झुलत्या पुलावर माझे पाय लटपटले तेव्हा बॅग धरली. ही माणसं वाईट नाहीत. म्हणूनच राग जास्त येतो. परक्या माणसावर एवढं कुणी लिहीत बसत नाही.

आणि अडचणी मलाही कळतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री किंवा यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळताना गर्दीत काढलेल्या फोटोतलं कोण कुठलं, कुणाकुणाला शोधणार? ठीक, ते सोडा. ज्याला थांबवून, नाव घेऊन, वळायला सांगून फोटो काढलाय त्याचं बोला. व्हॉट्सॲपवर पाठवला की झालं, असंही एकाचं म्हणणं. बरं, पाठवा की! नंबर तरी विचारा. पण आज्जीकडे साधा बटणांचा फोन आहे, सुनेचा मोबाइल पडला की फोटोही गेला. कागद टिकतो. ट्रंकेत, साडीच्या घडीत, वाळवी लागेपर्यंत टिकतो.

खर्चाचं रडगाणं तर मला सांगूच नका. दीड लाखाची लेन्स गळ्यात आणि मॅक्सी साइजच्या, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पैसे नाहीत? दोघांच्या चहा-वड्याला जास्त लागतात. जायचा खर्च म्हणाल तर मी जाते. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना बस फुकट आहे, आधारकार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट. हलशीची गाडी मला मिळेल. आज्जीला मी माझ्या कॅमेऱ्यातला फोटो देणार आहे, शेंगा फोडतानाचा, चष्म्यासकट. तुमच्या निरागसतेचं तुम्ही बघा.

ग्रुपमधून काढायचं तर काढा. येत्या मीटिंगला मी हा विषय मांडणारच आहे, आणि विषयपत्रिकेत नाही म्हणून गप्प बसवलंत तर 'आयत्या वेळचे विषय' असतात तिथे उठेन.

तोपर्यंत एक काम करा. गेल्या काही प्रदर्शनांच्या फ्रेम्स आपल्या एका पदाधिकाऱ्यांच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडल्यात. दरवेळी विचारलं की "बघूया पुढच्या वर्षी" म्हणतात. त्यातला चाकावर मडकं ओढणारा कुंभार खानापूरचाच आहे, त्याचं घर मला माहीत आहे. बाकीच्यांपैकी जांबोटीच्या शाळेतल्या दोन पोरी आता कॉलेजात असतील, विचारत विचारत सापडतील. मराठा मंदिराच्या हॉलमध्ये प्रदर्शन होवो नाहीतर क्लबच्या खोलीत, दोन दिवस लोकांनी बघून झालं की त्या फ्रेमचा आपल्याला काय उपयोग आहे ओ? मला द्या. आमच्या गल्लीत टेम्पो आहे, भाडं मी भरते. फक्त काचा फुटल्या असतील तर आधी सांगा, म्हणजे जाताना गणपत गल्लीत बसवून घेते.