नागपूर शहराच्या विशेष संदर्भात

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पाचे विषय मागवले की माझ्या टेबलावर एकच शीर्षक वेगवेगळ्या अक्षरांत येऊन पडतं : 'कुटुंबातील सुसंवाद आणि युवकांचे मानसिक स्वास्थ्य : नागपूर शहराच्या विशेष संदर्भात एक अभ्यास'. हा विशेष संदर्भ म्हणजे हॉस्टेलच्या मेसमधल्या ३० मुली. ३० का? तर सीनियरने ३० घेतल्या होत्या. एखादा शहाणा किती माणसं घ्यायची त्याचा ३८४ चा आकडा घेऊन येतो. तो मोठ्या लोकसंख्येसाठी, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरून निघतो, तेही माणसं यादृच्छिक निवडली असतील तर. व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर फॉर्म ढकलून ३८४ जमवले, तर अख्खं खानदान मोजलं जातं, शहर नाही.

खरी परीक्षा दारात. 'मानसिक आरोग्यावर अभ्यास करतोय' म्हटलं की आतून आवाज येतो, 'आमच्याकडे कोणी पागल नाही, बाप्पा!' त्यापेक्षा 'झोप, ताण आणि घरातलं बोलणं' म्हणा. ते खरंही आहे आणि दारही उघडतं. संमतीपत्रात मात्र पूर्ण विषय असलाच पाहिजे, आणि मधेच थांबता येईल हेही.

मग प्रश्नावली. ती एका माणसासाठी असते, आणि महाल या जुन्या वस्तीतल्या घरात एकटा माणूस सापडत नाही. सुनेला विचारावं, 'गेल्या महिन्यात किती वेळा चिडचिड झाली?' सून पेन उचलते, तोवर सासूबाई : 'तिले काऊन चिडचिड होईन? मी आहो न घरात!' आतल्या खोलीतून सासरे : 'शून्य लिही, पोरी.' सून शून्य लिहिते. अशा ४० घरांची बेरीज केली की नागपूर हे पृथ्वीवरचं सर्वांत शांत शहर ठरतं.

यावर उपाय एकच : जोडीनं जा. एकानं बैठकीत बसून ज्येष्ठांना मारबतीबद्दल, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीबद्दल, विचारायचं. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' पासून यंदाच्या बडग्याच्या पुतळ्यापर्यंत तास सहज जातो आणि संस्कृतीचं प्रकरणही होतं (संमती त्यांचीही घ्या). दुसऱ्यानं तेवढ्यात गॅलरीत सुनेला कागद द्यायचा. नाव नको, फक्त क्रमांक. लिहून झालं की तिनंच पाकिटात घालून चिकटवायचं. मूल १८ च्या आतलं असेल, तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात. वडील सही करतात आणि लगेच कशावर केली ते बघायला मुलाच्या शेजारी बसतात. त्यांनाही मारबतीकडे वळवा.

मुलाखती उन्हाळ्यात ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये फक्त घर्र ऐकू येतं, आणि बंद केला तर मे महिन्यात कोणी खरं बोलत नाही, लवकर बोलतं. मोबाईल एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. शिवाय तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार तास तरी धरा.

गुणांकनात हमखास घोळ होतो. पीएसएस-१० या ताणमापनात ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे, म्हणजे बरं चाललंय का ते विचारणारे असतात. तिथे ० चे ४, १ चे ३ करायचे. विसरलात तर सुखी माणूस तणावग्रस्त निघतो आणि अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.७० च्या खाली घसरतो. मग सगळे प्रश्नावलीला शिव्या घालतात.

एका जागी मात्र मी विनोद करत नाही. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर त्याच दिवशी बोलायचं, गाईडला कळवायचं आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक हाती द्यायचा. संमती घेतानाच हे सांगून ठेवायचं. म्हणून हा प्रश्न रात्री कोणी न बघणाऱ्या गूगल फॉर्मवर टाकू देत नाही.

निष्कर्ष मात्र डाटा गोळा करण्याआधीच टाईप झालेला असतो : 'सुसंवाद वाढल्यास ताण कमी होतो.' सहसंबंध आला तरी सुसंवादामुळे ताण कमी, की ताण कमी म्हणून सुसंवाद, हे त्यातून कळत नाही. ते निष्कर्षाच्या प्रकरण ५ ला कोणी सांगितलेलं नसतं. आणि कधी सहसंबंध येतो –०.०८. म्हणजे संबंध जवळपास नाहीच. तसंच लिहा, तोही निष्कर्षच आहे, असं मी सांगतो. समोरचा मान डोलावतो, दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, 'सर, याले थोडं वाढवता येईन का?'