दूध, ओला रुमाल आणि मिठाचं पाणी: फवारणीच्या मेसेजला उत्तर

कपाशीवर फवारणी सुरू झाली की चोपडा, शिरपूर, पारोळ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘पंप पाठीवर घेण्याआधी ग्लासभर दूध प्या, तोंडाला ओला रुमाल बांधा, चक्कर आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. विष बाधणार नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

दूध जातं पोटात. फवारणाऱ्याच्या अंगात औषध शिरतं ते मुख्यतः कातडीतून, मग दोघांची गाठ पडणार कुठे? भाद्रपदात कपाशी छातीला लागते. ओल्या पानांतून पुढे चालताना मांड्या आणि जांघ भिजते, आणि कातडी सगळीकडे सारखी नसते: पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या मोजणीत अंडकोषाच्या कातडीतून शोषण कोपराखालच्या हाताच्या कातडीपेक्षा जवळपास बारापट निघालं होतं. त्यामुळे छातीपासून गुडघ्याखालपर्यंत जाड प्लास्टिकचा एप्रन हवा. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचली की औषध निथळून बुटात उतरतं. तुषार अंगावर येणार नाहीत अशा बेताने वारा बघून ओळ धरा.

दुसरी जागा पाठ. झाकणाचा वायसर झिजला की 16 लिटरचा पंप वाकल्यावर गळतो आणि भिजलेला शर्ट तासन्‌तास कातडीला चिकटून राहतो. औषध कालवण्याआधी पंप साध्या पाण्याने चालवून बघा. शर्ट ओला झाला तर तो लगेच उतरवून पाठ साबणाने धुवा. ‘एवढा पंप संपवू’ हे महागात पडतं.

रुमाल ओला असो की कोरडा, तो तुषार शोषतो आणि नाका-ओठाला लावून ठेवतो. त्यापेक्षा योग्य मास्क आणि चष्मा घ्या. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायची सवय तर याहून वाईट. जुना ब्रश आणि जादा नोझल सोबत ठेवा.

सर्वांत घातक सल्ला मिठाच्या पाण्याचा. कातडीतून गेलेलं विष उलटीने निघत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, आणि औषध गिळलं असेल तर त्यातलं द्रावकही तिकडे उतरतं. जास्त मीठ स्वतःच अपाय करतं. काही ठिकाणी ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा फोडतात आणि वेळ जातो. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, स्नायू फडफडणं, ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं आहेत. त्यावर दवाखान्यात अ‍ॅट्रोपीन हा उतारा मिळतो. तोवर हातमोजे घालून बाधा झालेल्याचे कपडे काढा, केस-नखांसकट अंग साबणाने धुवा, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. एका पंपात दोन-तीन औषधं कालवली असतील तर सगळ्या बाटल्या सोबत न्या. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांवर असा नेमका उतारा नसतो, त्यामुळे डॉक्टरला नाव कळणं गरजेचं.

बायांबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. पाणी आणणं, कालवणं, रात्री ते कपडे धुणं बऱ्याच घरांत त्यांच्याकडेच असतं, आणि कालवताना हाताला लागतं ते पातळ न केलेलं, बाटलीतलं औषध. नायट्राइल रबराच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या; कापडी हातमोजे औषध धरून ठेवतात. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा, आणि त्याच दिवशी त्या वावरात निंदणीला कुणाला पाठवू नका.