छपरीतील जगाचा इतिहास

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि शेवटच्या वेच्याचा कापूसही त्याच सुमारास घरात येऊन पडतो. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या घरांत पोरांनी अभ्यास कुठे करावा, हा प्रश्न वेळापत्रक आखणाऱ्यांना कधी पडला नसावा. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, स्वयंपाकघरात धूर, म्हणून उरली ती छपरी. माझी मुलगी विज्ञान शाखेला आहे आणि पुतण्या कला शाखेला. दोघे एकाच एसटीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जातात आणि संध्याकाळी छपरीच्या दोन टोकांना बसून, एकाच वेळी, टिपेच्या आवाजात पाठ करतात. मी बी.ए. झालेला असल्यामुळे दोघांची पुस्तके धरून मध्ये बसण्याचे काम माझ्याकडे आले. पदवी घेताना याची कोणी पूर्वसूचना दिली नव्हती.

एका कानात जीवशास्त्र आणि दुसऱ्या कानात जगाचा इतिहास गेला, की दोन्ही डोक्यात जाऊन एकमेकांत मिसळतात. नेपोलियनने उंच वाटाण्याचा बुटक्या वाटाण्याशी संकर केला आणि मेंडेलला सेंट हेलेना बेटावर पाठवण्यात आले, अशी माझी तिसऱ्या दिवशीपर्यंत पक्की समजूत झाली होती. मुले स्वतः मात्र गोंधळत नाहीत. कारण कानावर काय पडते आहे याकडे लक्ष न देण्याची जी शक्ती तरुणांना लाभलेली असते, ती आम्हाला उरलेली नाही.

लक्ष देणारी आणखी एक व्यक्ती घरात आहे, ती म्हणजे कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी आई. 1773 साली अमेरिकेतील बोस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या, हे पुतण्याने म्हणताच तिचे हात थांबले. "एवढा चहा फेकला? अन् मंग घरी पाहुणे आले तं काय पाजलं त्याइनं?" यावर इंग्रजांनी वसाहतींवर लादलेल्या करांची कारणे सांगण्यात अर्धा तास गेला आणि तिचे समाधान झाले नाही. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलविषयी मात्र तिला कणव वाटते. त्याचा निबंध 1866 मध्ये छापला गेला, तो 1884 मध्ये वारला आणि जगाला त्याचे म्हणणे पटले ते 1900 साली. "म्हणजे मेल्यावर सोळा वर्षांनी निकाल लागला बिचाऱ्याचा," असे म्हणून तिने नातीकडे काळजीने पाहिले.

खरी आपत्ती अमेरिकेच्या यादवी युद्धाने आणली. पुतण्या 1861 ते 1865 एवढे म्हणून पुढे निघाला होता. पण माझ्यातील बी.ए. जागा झाला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवल्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, निजामाकडून 1853 मध्येच कारभारासाठी घेतलेल्या वऱ्हाडाकडे इंग्रजांची नजर वळली, इथल्या कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच ते कोसळले आणि नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली ती 1867 मध्ये, असे मी एका दमात सांगितले. सर्वांनी शांतपणे ऐकले. मग आईने विचारले, "भाव चढला तवा माल घरात होता का विकून झाला होता?" मला उत्तर देता आले नाही. पुतण्याने पुस्तक उलटसुलट चाळले. प्रकरणाखालच्या स्वाध्यायातही हा प्रश्न नव्हता. माझ्या मते तो पाच गुणांचा असायला हवा.

कापसाचे नाव निघाल्यावर मुलीलाही चेव आला. मातीतील एका जिवाणूचे, अळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली, विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातील पऱ्हाटी पोखरली, हे तिने नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून सांगितले. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगरबीटीचे 120 ग्रॅमचे पाकीट कडेने पेरायला मिळत असे. विषाची सवय नसलेल्या अळ्या तिथे टिकाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन विषाला दाद न देणारी प्रजा वाढायला उशीर लागावा, असा त्यामागील हिशेब होता. गावात तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. "आजी, त्या अळीनं ना शिकवणी लावली ना गाईड घेतलं, तरी पास झाली," असे तिने म्हणताच पुतण्याने आपल्याला अळीपेक्षा कमी लेखल्याची तक्रार केली आणि त्या संध्याकाळचा अभ्यास भांडणात बुडाला.

आता उजळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहे. इतिहासाची मला भीती नाही. जीवशास्त्राचे पहिले प्रकरण वनस्पतींच्या प्रजननाचे असून परागकण, बीजांड वगैरे आईला सोयाबीनच्या गप्पांसारखे वाटते. दुसरे प्रकरण मात्र प्राण्यांच्या प्रजननाचे आहे, त्यात माणूसही येतो, मुलगी टिपेच्या आवाजाशिवाय पाठ करू शकत नाही आणि आईला शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. कृषिपंपाची वीज या आठवड्यात रात्रीची आहे, ही फार मोठी सोय आहे. ओलिताला मी रोज जाणार आहे; हरभऱ्याला पाण्याची गरज आता उरलेली नाही, हे घरात अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.