कूलर लावला की स्क्रीन काळी होते, आणि बोल ग्राफिक कार्डाला!

मे महिना लागला की नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: "उन्हाळ्यात डेस्कटॉपची स्क्रीन मध्येच काळी होत असेल तर ग्राफिक कार्ड तापून गेलं समजा. कॅबिनेटची बाजू उघडा आणि समोर कूलर लावा. रॅम खोडरबरने घासा. फरक नाही पडला तर विंडोज नव्याने टाका. तरीही तेच, तर मॉनिटर बदला."

उपाय चार सांगितले, पण स्क्रीन गेली तेव्हा मशीन चालू होतं की तेही गेलं, हे कुठेच विचारलेलं नाही. पाहायला दोन सेकंद लागतात. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आणि स्पीकरवर गाणं सुरूच आहे, तर मशीन जिवंत आहे. शोध मॉनिटर, केबल किंवा ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्यायचा. पंख्यांसकट सगळंच थांबलं, तर विजेकडे आणि एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याकडे वळायचं.

आता "तापून गेलं" हा निकाल. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर अख्खं मशीन बंद करतो. फक्त स्क्रीन काळी करून गाणं चालू ठेवत नाही. ग्राफिक कार्डही आधी वेग उतरवतं. खोलीचं तापमान डिसेंबरात २५ आणि मे महिन्यात ४० असेल, तर तेवढ्याच कामाला आतला चिपही ढोबळमानाने तेवढेच पंधरा अंश जास्त तापतो. हिवाळ्यात सत्तरवर चालणारा चिप उन्हाळ्यात पंच्याऐंशीवर गेला, तर पंखे ओरडतील; पण एवढ्याने कार्ड जळत नाही. अर्धा तास गेम खेळल्यावरच स्क्रीन जात असेल, तेव्हा उष्णतेचा संशय घ्यावा, आणि त्यातही आधी हीटसिंकमध्ये (चिपवरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) साचलेली धूळ ब्लोअरने काढावी. तापमान मोजणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आकडा न बघता उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही. आणि आकडाही तपासून घ्यावा. ३० मे २०२४ ला आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. बातमी देशभर झाली, मग हवामान विभागानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं.

कूलर समोर लावण्याचा सल्ला मात्र या मेसेजमधला सगळ्यात वाईट. कूलरची हवा ओली असते. आत साचलेल्या धुळीला ती ओल लागली की पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो. शिवाय कित्येक घरांत कूलरच चोर असतो. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेले. कुणीतरी कूलरचं बटण दाबतं, 'टक्' आवाज होतो, आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी. गाणं थांबत नाही. दोनेक सेकंदांनी चित्र परत येतं, अर्धवट टाइप केलेलं पत्र जसंच्या तसं. मोटर चालू-बंद होताना तारेत जो झटका उठतो, तो मॉनिटरला चित्र पोचवणाऱ्या हलक्या एचडीएमआय केबलमधला सिग्नल तोडतो. मॉनिटरला तो पुन्हा पकडायला तेवढा वेळ लागतो. असाच झटका गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठतानाही बसतो आणि स्क्रीन जाते, हे ऐकून लोक हसतात. पण मॉनिटर जोडण्याचं तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंकसारख्या कंपनीने हा प्रकार स्वतः लिहून ठेवला आहे. कूलर दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवर लावून बघा. केबल आखूड आणि चांगल्या शिल्डिंगची (बाहेरचे झटके अडवणाऱ्या आवरणाची) घ्या. आणि बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर उत्तर आधीच मिळालं आहे.

मॉनिटर १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलत चालत असेल तर ६० वर आणून पाहा. काळं होणं थांबलं, तर जवळपास नक्कीच केबल कमी पडते आहे.

रॅम आणि खोडरबर? रॅमचा संपर्क बिघडला तर मशीन सुरूच होत नाही, बीप देतं, किंवा निळी स्क्रीन दाखवून पुन्हा सुरू होतं. वरचं ते अर्धवट पत्र शाबूत राहिलं, म्हणजे रॅम ठीकच होती. मे महिन्याच्या कोरड्या हवेत रबर घासून स्थिर वीज तयार करायची आणि तोच हात चिपला लावायचा, हा उद्योग कशाला?

विंडोज नव्याने टाकण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावर वीस मिनिटं मशीन तसंच ठेवा. तिथेही स्क्रीन गेली, तर विंडोजचा संबंध नाही. घरचे फोटो उगाच पुसले जाणार होते. तिथे टिकली, तर पुढच्या वेळी काळी झाल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. ग्राफिकचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परतलं तर फक्त ड्रायव्हर बदलून भागू शकतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या बिघाडांच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली तरी बोट ड्रायव्हरकडेच जातं. आणि माउस हलवल्यावर लगेच उजळत असेल, तर तो बिघाडच नाही, पॉवरची सेटिंग आहे.

राहिला मॉनिटर. काळा असताना त्याचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला, तर पडदा आणि दिवे ठीक आहेत, सिग्नल येत नाही. मेनूही दिसत नसेल तर अंधारात टॉर्च तिरपी मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. जुन्या मॉनिटरमध्ये पुष्कळदा पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले निघतात, आणि ते बदलून काम होतं. ते स्वतः उघडू नका, आत साठलेली वीज काढलेल्या प्लगलाही जुमानत नाही. बर्डीच्या बाजारात नवा घ्यायला निघण्याआधी शेजाऱ्याचा मॉनिटर एक दिवस आणून लावा, केबल मात्र तुमचीच ठेवा. तोही काळा झाला, तर केबल बदलून पुन्हा बघा.