लाल महालात बसून लाल महालच दिसला नाही

काल रात्री लाल महालाच्या पटांगणात पडदा लावून शाहिस्तेखानावरच्या छाप्याचा सिनेमा दाखवला. घरी आलो तरी डोकं तापलेलंच होतं, म्हणून लिहितोय.

अहो, 5 एप्रिल 1663 च्या रात्री जे घडलं ते जिथे घडलं, तिथे आपण खुर्च्या टाकून बसलो होतो! आणि पडद्यावर काय? स्फोट. महाराज हवेत झेपावतायत, खान राक्षसासारखा हसतोय, आणि स्पीकर एवढे मोठे की माझ्या पुढच्या बाई दोन्ही तळव्यांनी बाळाचे कान दाबून बसल्या होत्या. छापा होता तो! रमजानचा महिना, मुदपाकखान्यातली, म्हणजे स्वयंपाकघरातली, माणसं झोपेत, आणि शेजारच्या भिंतीत विटा-मातीने बुजवलेली वाट पोखरून मंडळी आत शिरली. एकेक वीट काढताना आवाज किती होऊ द्यायचा, याचा जीवघेणा हिशेब होता तो. सिनेमात भिंतीला सरळ सुरुंग!

आवाजच हवा होता तर खाफीखान या मुघल इतिहासकाराने लिहून ठेवलाय की. काही मावळे नगारखान्यात शिरले आणि खानाचा हुकूम म्हणून नगारे वाजवायला लावले. त्या गदारोळात कोणाचं कोणाला ऐकू येईना. हे नाही दाखवलं.

पण खरा राग त्याचा नाही. हे घर महाराजांचं होतं, हेच गाळलंय. शहाजीराजांनी बांधून घेतलेलं, जिजाऊंबरोबर लहानपण गेलं ते घर. 33 वर्षांचा माणूस आपल्याच घरात मध्यरात्री भिंत फोडून शिरतो, कारण पुढच्या दारावर शत्रूचा पहारा आहे. याहून मोठा प्रसंग आणखी कुठला हवा होता?

मला सारखी आजी आठवत होती. कसब्यातल्या आमच्या वाड्यात दिवे गेले की ती उठायची. माजघर, बोळ, दोन पायऱ्या, मग कोनाड्यातला कंदील. कुठे चाचपडणं नाही. आम्ही पोरं मात्र उंबऱ्याला ठेचकाळायचो. घर पायात मुरलेलं असतं. त्या रात्री जनानखान्यातल्या बायकांनी दिवे विझवले, अंधारात खानाची बोटं तुटली, मुलगा अबुल फतह मारला गेला. अशा काळोखात आत शिरून पुन्हा सुखरूप बाहेर पडायचं, तर पायांना घर माहीत असल्याशिवाय जमेल का?

मान्य, आज उभी आहे ती वास्तू महापालिकेने बांधलेली, मूळ महाल केव्हाच गेला. मान्य, पोरं दोन तास मोबाइल सोडून बसली. बरं.

माझ्या बाजूला आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याने विचारलं, "बाबा, त्यांचंच घर होतं ना? मग भिंत का फोडली?" सबंध पटांगणात हा एकच शहाणा प्रश्न. बाबा पडद्याचं शूटिंग करण्यात गुंग. "गप बस" म्हणाले. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं.

मग वाटलं, त्यांनाही कोणी सांगितलं नसणार. वाडे पाडून आपण सगळे फ्लॅटमध्ये गेलो. आमचाही बिल्डरला दिला. नव्या घरात आजी रात्री उठली की डावीकडे वळायची, माजघर तिकडे होतं म्हणून, आणि भिंतीवर हात फिरवत उभी राहायची. आई तिला धरून आणायची. शेवटपर्यंत हेच चाललं होतं. तिला आपलं घर परत हवं होतं, एवढंच. काल पडद्याकडे बघताना घशाशी आलं ते यामुळे, स्फोटांमुळे नाही.

मंडळाची पोरं राबली, खुर्च्या लावल्या, पाण्याचे जार आणले, त्यांच्यावर राग नाहीच. सिनेमा पुढच्या वर्षीही लावा. फक्त त्याआधी दहा मिनिटं सगळे दिवे घालवा, आणि त्या अंधारात कोणीतरी उभं राहून सांगा की हे कोणाचं घर होतं, मुदपाकखाना काय, भिंत कशी पोखरली. त्यांना तसा निरोप आजच धाडलाय. सांगायला कोणी मिळालं नाही तर मी येतो.